ज्योत्सनाची बारी

बायाबाई ओवीचा पहिला चरण म्हणायची आणि थांबायची. दुसरा चरण कुणीतरी म्हणायचा असतो, एवढं तिला अजून ठाऊक होतं. बाकीचं पुष्कळ निसटून गेलं होतं. चूल घराच्या कुठल्या बाजूला, पदर कुठल्या खांद्यावर, समोर बसलेली ही मोठी बाई कोण. पण ओव्या मात्र तिच्या आत, तळाला बसलेल्या माशांसारख्या, जागच्या जागी होत्या. एखादी मधूनच वर यायची.

"नदीच्या पैलतीरी, दिवा कोनाचा लागला..."

पलीकडच्या खोलीतून, लॅपटॉपवरची नजर न काढता, तिची मुलगी ज्योत्सना उत्तर द्यायची:

"माह्या बंधूच्या डोंग्यानं, काठ आपला गाठला."

"गाठला का? बरं झालं माय," असं म्हणून बायाबाई भिंतीला पाठ टेकायची. मग तास-दीड तास घरात नुसती नदीची हवा फिरायची.

उत्तर आलं नाही तर ती उठायची आणि पाण्याकडे चालू लागायची. भावाचा डोंगा, ती लाकडी होडी, काठाला आली नाही, तर कुणीतरी पाहायला नको का जायला? तिचा भाऊ खरं तर म्हातारा होऊन, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून, आपल्या घरी झोपेतच गेला होता. पण ते सांगून उपयोग नव्हता. पवनीच्या घाटाखालची ही ढिवरांची, मासेमारांची वस्ती. दारातून उतरलं की काठ, काठावरून उतरलं की वैनगंगा. एकदा बायाबाई गुडघाभर पाण्यात उभी सापडली होती. शेजारच्या तुलारामनं हात धरून आणली, तेव्हा ती त्यालाच समजावत होती, "गडबड नोको करू गा, पानी हालते."

नवरा आसाराम दिवसभर नदीत. आणि असता घरी, तरी काय करणार होता? ओव्या बायकांच्या. जात्यावर, भाताच्या रोवणीत, लग्नातल्या हळदीला. पुरुषांनी त्या जन्मभर ऐकलेल्या असतात आणि त्यातला एकही दुसरा चरण त्यांना येत नाही. बायाबाईच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या. दुसरे चरण आता एकट्या ज्योत्सनापाशी उरले होते.

म्हणून तिचं घरी असणं एवढं मोठं होतं.

घरी बसून काम हे तिला लॉकडाऊननं दिलेलं. नागपूरच्या एका औषधांच्या घाऊक कंपनीत ती ऑर्डरी नोंदवायची. लॉकडाऊन सरलं, बाकीचे हळूहळू ऑफिसात परतले. ज्योत्सनानं आईचं सांगितलं आणि साहेबांनी तिला राहू दिलं. जवाहरनगरच्या अंकुशलाही राहू दिलं, त्याचे वडील तिथल्या फॅक्टरीत होते आणि क्वार्टरात फायबरची लाईन होती. धरणाचं पाणी चढल्यापासून आसारामच्या जाळ्याचा भरवसा राहिला नव्हता. घर ज्योत्सनाच्या पगारावर उभं होतं आणि बायाबाई तिच्या आवाजावर.

कंपनीचा सगळा साठा, सगळी बिलं नागपुरात एका कुलूपबंद खोलीतल्या मोठ्या संगणकात असत. घरून तिथवर जायला इंटरनेटचा चारचौघांचा रस्ता चालत नाही. त्या रस्त्याच्या पोटातूनच एक झाकलेली वाट काढावी लागते, आपल्या माणसाला ओळखून मगच दार उघडणारी. तिला व्हीपीएन म्हणत. जुनं व्हीपीएन इतकं हळू होतं की भिवापूरच्या मेडिकलवाल्याची एक ऑर्डर नोंदेपर्यंत ज्योत्सनाचा भात होऊन जाई.

एका शनिवारी जीवन सरांचा फोन आला. कंपनीचं नेटवर्क तेच पाहायचे. स्वभावानं मऊ, बोलताना सारखं चष्मा पुसण्याची सवय, ती फोनवरूनही कळायची.

"ज्योत्सना, जुन्याला आता सुट्टी. दोन नवे ट्रायलवर घेतलेत. सोमवारी एक चालवून पाहायचं, मंगळवारी दुसरं. ऑफिसात तर दोन्ही पळतात. साहेब म्हणतात, पवनीत जे पळेल ते घ्या. तिथं चाललं तर कुठंही चालेल."

"म्हणजे मी सांगीन ते?"

"तू सांगशील तेच. नीट पाहून सांग. एकदा घेतलं की वर्षभर हलवता येत नाही."

लगेच अंकुशचा मेसेज आला: "मॅडम, आमच्याइकडे तर काहीही लावा, चहा उतू जायच्या आत उघडते. सारं तुमच्या पवनीवर हाये. आमची इज्जत राखजा."

सोमवारी तिनं पहिलं चालवलं. घाटाकडच्या वस्तीला एकच टॉवर, आणि सकाळी साडेदहानंतर वस्तीतला प्रत्येक हात मोबाईलवर. ऑर्डरीचं पान उघडायला वेळ लागत होता. जुन्याहून बरं, पण डोळे दिपावेत असं काही नव्हतं. दुपारी टॉवर दोनदा गेला, आला. पान जिथं होतं तिथंच थांबून राहिलं आणि टॉवर आल्यावर पुढं चालू लागलं, पुन्हा पासवर्ड नाही, काही नाही. ज्योत्सनाला ते जाणवलं, पण घड्याळाकडे पाहताना माणूस थांबण्याचे गुण मोजत नाही. ती वेग पाहत होती. वेग बेताचा होता.

संध्याकाळी आसाराम जाळं झटकत दारात बसला होता. तिचा चेहरा पाहून म्हणाला, "का वो, परीक्षा कशी गेली?"

"अर्धी झाली. उद्या दुसरी."

"मंग तोंड कायले पाडून बसली?"

"टॉवर एक अन् सारी वस्ती त्याच्यावर. मिथुनभाऊ रील पाहते, जनामावशी तिच्या पोराले सुरतले व्हिडिओ लावते. माझ्या वाट्याले काय येते मग?"

आसारामनं जाळ्यातली एक काडी काढून फेकली. "म्हंजे पानी एकच, अन् सारेच्या सारे एकाच टायमाले उतरून राहिले."

"तसंच समजा बाबा."

तो समजला. ज्योत्सना आत गेली, तिनं आईला भरवलं, आणि त्या बोलण्याचं पुढं काय झालं हे तिला कळलं नाही.

डोहात जाळं टाकायची वस्तीत बारी असे. आज याची, उद्या त्याची. ज्याची बारी, त्याच्या वेळेला दुसरं कोणी पाण्यात पाय घालत नसे. धुणं काठावर थांबायचं. म्हशी बाहेर थांबायच्या. नुकतं लग्न होऊन आलेली सूनही घागर टेकवून उभी राहायची. पाणी हललं की मासा तळाला बसतो, आणि कुणाच्या बारीला पाणी हलवणं याच्यापेक्षा हलकं काम वस्तीत दुसरं नव्हतं. आसाराम त्या संध्याकाळी अंगात सदरा घालून दारोदार गेला. "उद्या माह्या पोरीची बारी हाये," इतकंच त्यानं सांगितलं, आणि कुठलं पाणी हलवायचं नाही ते सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही.

मंगळवारी दुसरं व्हीपीएन असं धावलं की ज्योत्सना खुर्चीत सरळ झाली. बोट लावावं आणि पान उघडावं. भिवापूर, लाखांदूर, अड्याळ, साकोली. ऑर्डरी पावसाच्या ओहोळासारख्या आल्या आणि गेल्या. दुपारी एकदाही काही तुटलं नाही. कानाला हेडफोन असल्यामुळे बाहेरची शांतता तिला ऐकू आली नाही. फक्त मध्ये एकदा हेडफोन काढून तिनं आईला ओवीचं उत्तर दिलं, तेव्हा तिला वाटलं, आज आपला आवाज घरात किती मोठा वाटतोय.

चार वाजता जीवन सरांनी सगळ्यांना एकत्र फोनवर घेतलं. साहेबही होते.

"अंकुश?"

"सर, आपल्याले दोन्ही सारखेच. मॅडम म्हणतीन ते."

"ज्योत्सना?"

"दुसरं," ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. "सर, दुसरं तर एकदम... मला वाटलं मी नागपुरातच बसली आहे."

साहेब हसले. "झालं तर मग. घेऊन टाका, जीवन."

ती बाहेर आली. ऊन कललं होतं. दारासमोर जनामावशी कमरेवर हात ठेवून उभी, तिच्या मागं धनीराम, मिथुन, आणखी दोन-चार जण. सगळे तिच्याकडे पाहत होते, काठावर जाळं ओढताना पाहतात तसे.

"झाली का वो तुही बारी?" जनामावशीनं विचारलं. "आता चालू करू का मोबाईल?"

ज्योत्सनाला आधी काही उमगलंच नाही.

"सकाळपासून बंद हाये साऱ्याइचे," मिथुन म्हणाला. "बायको माहेरी गेली, तिचा फोन येऊन येऊन थकला असंन. आता आल्यावर मले जेवाले नाई भेटत."

"तू तरी बरा," धनीराम म्हणाला. "म्या त हात सुरसुरते म्हनून फडक्यात बांधून तांदळाच्या कोठीत टाकला. आता कोठीत हात घालून घालून थकलो, सापडूनच नाई राहिला."

"मंग वाजवून पाह्य ना मोबाईल."

"बंद केलेला वाजते का रे, येड्या?"

सगळे हसले. आसाराम बाजूला उभा होता, छाती थोडी फुगवून. "काय वो, लागली का मासोळी?"

"लागली बाबा," ज्योत्सना म्हणाली.

दुसरं काय म्हणणार होती ती? त्यांच्या दिवसभराच्या मुक्या हातांसमोर ती उभी होती, आणि पायाखालची वाळू सरकत होती. काल तिनं चालवलं ते खरं पाणी होतं. आजचं पाणी कुणीतरी तिच्यासाठी धरून ठेवलेलं.

ती मागच्या अंगणात गेली आणि तिनं जीवन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ चष्मा पुसला गेला.

"सगळ्या वस्तीनं बंद ठेवले?"

"हो सर."

"तुझ्यासाठी?"

"हो सर. पुन्हा एकदा चाचणी घेता येईल का? पहिलं चांगलं होतं. ते तुटलं तरी सोडत नव्हतं."

"साहेबांनी तेव्हाच सही केली गं. पैसेही गेले." मग हळू आवाजात, "ऑफिसात सगळ्यांना दुसरंच आवडलंय. तीस माणसं एकीकडे अन्... चालवून तर पाहू. इतकंही वाईट नसेल."

पहिल्या आठवड्यातच ते इतकं वाईट होतं हे कळलं. भरवशाच्या लाईनवर ते वाऱ्यासारखं धावे. पण टॉवरनं जरा श्वास सोडला की दार आपटून बंद करी. मग पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, मग मोबाईलवर आकडे येणार, ते वाचून टाकायचे. आकडे येईपर्यंत टॉवर जाई. टॉवर येईपर्यंत आकडे शिळे होत. भंडाऱ्याकडे जाणारी औषधांची गाडी तिच्या ऑर्डरीसाठी थांबेनाशी झाली. तिनं सिम बदलून पाहिलं. लॅपटॉप घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाहिलं, पण तिथून आई दिसत नव्हती. फायबरसाठी अर्ज केला, लाईन टाकणारा माणूस आला, घाटाखाली पाहून म्हणाला, "इथवर कशी आनू ताई? खांबच नाई." आणि चहा पिऊन गेला. अंकुशनं दुपारच्या तिच्या अर्ध्या ऑर्डरी आपल्याकडे घेतल्या, कुणाला न सांगता. पण किती दिवस?

एका दुपारी ती अशीच आकड्यांची वाट पाहत होती. मोबाईल हातात, ओठांवर आधीचेच आकडे. मागून ओवी आली.

"नदीच्या पैलतीरी, दिवा कोनाचा लागला..."

तिनं ती ऐकली. नक्की ऐकली. "आली माय, थांब जराशीक," असं काहीतरी ती म्हणालीही. तेवढ्यात आकडे आले, ती ते टाकू लागली, पान उघडू लागलं, आणि बंद झालं. तिनं मान वळवली तेव्हा भिंतीला टेकलेलं कुणी नव्हतं.

ती अनवाणी धावली. काठावर वस्तीतल्या हिरालालचा डोंगा बांधलेला होता आणि त्यात बायाबाई बसली होती, लुगडं कमरेपर्यंत ओलं, दोन्ही हात डोंग्याच्या कडांवर. दोरी तेवढी सुटलेली नव्हती.

"दिवा दिसून राहिला," ती पैलतीराकडे पाहत म्हणाली. "कोनी सांगतच नाई कोनाचा हाये."

ज्योत्सना पाण्यात उभी राहून दुसरा चरण म्हणाली. आवाज नीट लागला नाही. बायाबाईनं तो घेतला, पण "बरं झालं" म्हणाली नाही.

महिना संपता संपता जीवन सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग ते म्हणाले, "साहेबांच्या स्क्रीनवर रोज पवनी लाल दिसते, ज्योत्सना."

"सर, तुम्हाला तर माहीत आहे ना."

"मला माहीत आहे. मी सांगितलं त्यांना. ते म्हणतात, ट्रायलला हीच मुलगी नागपुरात बसल्यासारखं वाटते म्हणाली होती, तर आता नागपुरातच बसू दे." मग घाईनं, "ते रागानं नाही म्हणाले. पहिल्या तारखेपासून ऑफिसला ये. मी खूप... माझ्या हातात असतं तर..."

"नाही सर. तुमच्या हातात नव्हतंच."

रोज ये-जा करावी तर पहाटेची बस आणि अंधाराची परती. बायाबाईच्या ओव्या सांजेलाच जास्त वर येत. म्हणून ऑफिसातल्या रत्नमालानं आपल्या खोलीत जागा दिली. भंडाऱ्याजवळच्या शहापूरची होती ती, एकटी राहायची. "ये, शनिवारी सोबतच गावी येत जाऊ," म्हणाली. शनिवार आठवड्यातून एकदाच येतो, हे दोघींनाही कळत होतं.

वस्तीत बातमी लगेच फिरली. जनामावशी तडक घरात आली.

"काहून जाऊन राहिली वो? त्या दिवशी त साजरं चाललं होतं तुहं!"

"त्या दिवशी चाललं, मावशी."

"मंग? रोज ठेवतो ना बंद. मोबाईल नाई पाह्यला त मरतो का आमी?"

"मी सांगतो साऱ्याइले," आसाराम घाईनं म्हणाला. सदऱ्यासाठी त्याचा हात खुंटीकडे गेलाच होता. "पुन्हा जातो घरोघरी. रोज तुहीच बारी ठेवू."

ज्योत्सना त्याच्याकडे पाहत राहिली. जनामावशीचा मुलगा सुरतेच्या कारखान्यातून दुपारच्या सुट्टीतच बोलू शकत होता. धनीरामला मासळीचा भाव फोनवर येई. मिथुनची बायको पोटुशी होती आणि माहेरीच होती. आणि ते सगळे खरोखर बंद ठेवतील, वर्षभर ठेवतील, आणि एकदाही तोंडावर आणणार नाहीत.

"रोज एकाचीच बारी असते का बाबा?" ती म्हणाली.

आसारामचा हात खुंटीवरून खाली आला. बारी फिरती ठेवायचा नियम त्याच्या आजाच्याही आधीचा होता. जनामावशी पदर तोंडाला लावून निघून गेली. त्या एका दिवसाच्या शांततेनं काय केलं, हे ज्योत्सनानं त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, पुढंही नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी आसाराम नदीत गेला नाही. तो तिच्यासमोर पाटावर बसला, शाळेत बसावं तसा.

"मले शिकव."

"काय?"

"दुसरे चरण."

ती एकेक सांगत गेली. तो ओठ हलवत गेला. डोंग्याची ओवी त्याला लवकर आली. हळदीची येईना, त्यात नणंद-भावजयीची नावं उलटी होऊन भलतंच लग्न लागे, आणि एवढ्या सगळ्यातही ज्योत्सनाला हसू आलं. मग ती म्हणाली, "अजून एक हाये. माय तुमच्यासाठी म्हणायची ती." आणि तिनं ती सांगितली. आसारामनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत काठावरून बायकांच्या घोळक्यातून हे सूर त्याच्याकडे आले होते, पण शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकले.

"हे म्या कसं म्हनू?" तो म्हणाला. "ह्याच्यात त मीच हाये."

"म्हणा. तिला कळत नाही कोण म्हणते ते."

दुसऱ्या दिवशी तिची बॅग दाराशी होती. जेवणं झाली होती. बसला अवकाश होता. बायाबाई भिंतीला टेकून बाहेर पाहत होती, आणि नेमकी तीच, आसारामसाठीची ओवी तळातून वर आली.

"पानी सांगते पान्याले, बाई हालू नोको आता..."

ज्योत्सनानं ओठ दाबून धरले. तिनं वडिलांकडे पाहिलं. आसाराम पुढं सरकला, त्यानं घसा साफ केला. नदीवरून नदीपार हाक मारणारा त्याचा आवाज आता घरात मावेल एवढा त्यानं केला.

"धनी माहा बारीवर, पाय पान्यात ठेवता."

शब्द सगळे बरोबर होते.

बायाबाईनं मान वळवली. त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, नीट, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. कितीक महिन्यांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"तुमची नोहे," ती हळूच म्हणाली. "पोरीची बारी हाये. पानी हालवू नोका."

आणि ती थांबली. ज्योत्सनाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, वाट पाहत.

ज्योत्सना तिच्यासमोर बसली आणि तिनं दुसरा चरण म्हटला. मग पुन्हा म्हटला. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. आसाराम दारात उभा होता, एक हात बॅगेवर आणि एक हात चौकटीला धरून, आणि दोन्हीपैकी कुठला सोडावा हे त्याला कळत नव्हतं.